गाणारे आपापल्या शेतावर का गेले?

(बाळकुम येथे भरलेल्या हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी वसतिगृहं, आरोग्य तपासणी, वह्या-पुस्तकं आणि ब्लँकेटं यांचा हिशेब सांगतो. तो याही वर्षी छापून तुमच्या हातात दिला आहे. आज मला वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. आदिवासी मुलांच्या शाळेत गाणं आणि नाटक कोण शिकवतं, आणि त्या माणसाला पगार कोण देतं, हा तो विषय. ऐकायला हा विषय किरकोळ वाटेल. काहींच्या मनात येईल, की मुलांना वाचता येत नाही, गणित येत नाही, आणि हे गाण्याचं काय घेऊन बसलेत! त्याचं उत्तर मी पुढे देणार आहे. आधी पवित्र शास्त्रातल्या एका प्रसंगाकडे जाऊ.

नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण बहुतेक वेळा शब्बाथाच्या उल्लंघनासाठी वाचतो. त्याच अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. नहेम्या काही काळ यरुशलेमात नव्हता. परत आल्यावर त्याने पाहिलं, की मंदिरात गाणारे नाहीत आणि सेवा करणारे लेवीही नाहीत. चौकशी केल्यावर कळलं, की त्यांचा ठरलेला वाटा कोणी दिलाच नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. घरी चूल पेटायला हवी ना!

नहेम्याने पुढे काय केलं ते पाहा. त्याने गायकांना दोष दिला नाही. तुमची भक्ती कमी पडली, असं तो त्यांना म्हणाला नाही. तो अधिकाऱ्यांना रागावला. मग त्याने गायकांना परत बोलावून त्यांच्या जागेवर उभं केलं. लोकांनी धान्य, द्राक्षारस आणि तेलाचा दशमांश कोठारात आणला. आणि शेवटी तो वाटा नीट वाटण्यासाठी त्याने विश्वासू माणसं नेमली. ही चार कामं ध्यानात ठेवा. माझं आजचं सगळं बोलणं या चार कामांभोवतीच आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या खासगी शाळांत संगीताचे वेगळे शिक्षक असतात. नृत्याचे असतात, कुठे कुठे नाटकाचेही असतात. काही शाळा त्यांना कायम ठेवतात, काही आठवड्यातून दोन दिवस बोलावतात. स्नेहसंमेलन जवळ आलं की दीड-दोन महिन्यांसाठी बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतो. हा खर्च पालकांच्या फीमधून निघतो. त्यात वाईट काही नाही. आपली मुलंही अशा शाळांत शिकतात.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत काय होतं? शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला किती शिक्षक हवेत याचं कोष्टक आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या 100 च्या वर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं तिथे लिहिलं आहे. निदेशक म्हणजे शिकवणारा, पण अर्धवेळ. पुढे आपल्या राज्यात ‘अतिथी निदेशक’ हे नाव आलं. म्हणजे कला शाळेत आली ती पाहुणी म्हणूनच.

हाच नियम पाड्यावरच्या शाळेला लावून पाहा. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा इथल्या पाड्यांवरच्या बऱ्याच शाळा चौथी-पाचवीपर्यंतच्या. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग. पहिली ते पाचवीसाठी कायद्यात कलेचा वेगळा शिक्षक नाहीच. जिथे सहावी ते आठवी आहे, तिथे त्या तीन वर्गांत मिळून शंभरावर मुलं असतीलच असं नाही. त्यामुळे लहान पाड्यावरचं मूल या नियमाच्या बाहेरच राहतं. तिथले गुरुजी किंवा बाई गाणं म्हणून घेतात, पंधरा ऑगस्टला नाच बसवतात, हे मी आदराने सांगतो. पण त्यांच्याच डोक्यावर पोषण आहार, सर्वेक्षणं आणि ऑनलाईन माहिती भरण्याचं ओझं असतं. संगीताचा तास वेळापत्रकात असतो, आणि त्या तासाला बहुधा गणित होतं.

आश्रमशाळांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या 500 च्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत, आणि अनुदानित आश्रमशाळाही जवळपास तेवढ्याच. इथे मूल राहतंही शाळेत. सुट्टी सोडली तर वर्षभर ते आपल्या पाड्यापासून, सणांपासून, रात्रीच्या गाण्या-नाचापासून दूर असतं. म्हणजे ज्या मुलाला शाळेत गाणं मिळायची सगळ्यात जास्त गरज, ते हेच. पण या शाळांत मूळ विषयांचे शिक्षक मिळवण्याचीच मारामार. 2025 साली शासकीय आश्रमशाळांतली शिक्षकांची पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदार कंपनीमार्फत भरायचं ठरलं. तेव्हा वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणारे शिक्षक नाशिकला बिऱ्हाड आंदोलनाला बसले, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. जिथे गणिताच्या शिक्षकाचीच ही स्थिती, तिथे संगीत शिक्षकाचं नाव कोण काढणार?

केंद्र सरकारच्या एकलव्य निवासी शाळांनी मात्र एक चांगली गोष्ट केली. 2023 च्या भरतीत त्यांनी संगीत शिक्षकाचं आणि कला शिक्षकाचं वेगळं पद ठेवलं. पूर्ण वेळ, पगारी पद. याचं कौतुक केलं पाहिजे. पण ही भरती देशपातळीवरून होते आणि पदवी पाहून होते. कुठल्या तरी दूरच्या राज्यातला सुशिक्षित गायक आपल्या भागात येईल, सरगम शिकवेल, ते चांगलंच. त्याला तारपा ठाऊक असण्याचं मात्र काही कारण नाही.

तारपा तुमच्यातल्या काहींनी चित्रात पाहिला असेल. वारली चित्रात मधोमध एक माणूस लांब वाद्य फुंकत उभा असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर असतो. ते वाद्य म्हणजे तारपा. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांचं ते बनतं. श्वास न तोडता फुंकावं लागतं. बनवायला हात लागतो आणि वाजवायला छाती लागते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारप्याचे नावाजलेले वादक. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि 2026 च्या प्रजासत्ताक दिनाच्या वेळी पद्मश्री जाहीर झाली. चित्रकलेत गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 सालीच पद्मश्री मिळाली होती.

आता विचार करा. शाळेने संगीत शिक्षकासाठी जाहिरात काढली, तर पात्रता काय मागते? संगीताची पदवी, किंवा गांधर्व महाविद्यालयाची विशारद परीक्षा. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणाऱ्याला समाजात मान मिळावा, गाणं घराण्याबाहेरच्या मुलालाही शिकता यावं, म्हणून त्यांनी शिक्षणाची आणि परीक्षेची रीत घालून दिली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण तारप्याची विशारद नाही. म्हणून देशाने ज्या कलेला पद्मश्री दिली, ती कला येणाऱ्या माणसाला पाड्यावरच्या शाळेत तास घेण्यासाठी पात्रतेचा कागद मिळत नाही. दहावीला शास्त्रीय संगीत, चित्रकला, लोककला, नाट्य यांत भाग घेणाऱ्या मुलांना जादा गुण मिळतात. त्यासाठीही मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. शहरातलं मूल क्लासला जाऊन ते आणतं. चालायला लागल्यापासून फेरात नाचणाऱ्या मुलीला प्रमाणपत्र कोण देणार?

याला वाट आहे, आणि ती सरकारी कागदातच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना शाळांनी मार्गदर्शक म्हणून घ्यावं. दोन, प्रत्येक शाळेत किंवा शाळांच्या समूहात निवासी कलाकार असावा. म्हणजे दार उघडं आहे. पाड्यावरचा जाणता माणूस त्या दारातून आत यायचा असेल, तर त्याचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो. तोच नहेम्याचा प्रश्न.

हा रोज किती महत्त्वाचा, ते बाळकुमच्या लोकांना वेगळं सांगायला नको. इथून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची बाजू लागते. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, मोखाड्याकडची कुटुंबं त्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर येतात. कोणी रेतीच्या कामाला, कोणी बांधकामावर. भट्टीवर चिखल तुडवणाऱ्यांत एखादा तारपा वाजवणारा असतो, एखादी लग्नातली सगळी गाणी तोंडपाठ असणारी बाई असते. आपण त्यांच्या शेजारून गाडी नेतो आणि आपल्याला कळत नाही. नहेम्याच्या काळचे गायक शेतावर गेले होते. आपले भट्टीवर गेले आहेत, एवढाच फरक.

आता नाटकाकडे येतो, आणि सुरुवातीला राहिलेलं उत्तरही इथेच देतो. वारली किंवा कातकरी मूल घरी आपली बोली बोलतं. शाळेत पुस्तकाची मराठी येते. चुकलं तर हसतात, म्हणून ते गप्प बसतं. शिक्षकांना वाटतं, मूल मंद आहे. माझ्या कामात अशी मुलं मी शेकड्याने पाहिली आहेत. एका शाळेत आम्ही मुलांना घरात घडलेली एक घटना करून दाखवा, एवढंच सांगितलं. भाषा कोणती ते सांगितलं नाही. जी मुलगी वर्गात हजेरीलाही हळू आवाजात उत्तर द्यायची, तिने रेशन दुकानावर आजीचं आणि दुकानदाराचं झालेलं भांडण उभं केलं. आजी बोलीत, दुकानदार शहरी मराठीत. दोन्ही भाषा तिच्या तोंडात होत्या. वर्ग हसला, पण या वेळी तिच्यावर नाही, तिच्यासोबत. त्यानंतर ती बोलली ते पुस्तकाच्या भाषेतही बोलली. म्हणून सांगतो, नाटक हा वाचन-लेखनाच्या वाटेतला अडथळा नाही. ज्या मुलाला तोंड उघडायची भीती वाटते, त्याच्यासाठी वाचनाची सुरुवात तिथूनच होऊ शकते.

आपल्या ठाण्यात याचं मोठं उदाहरण आहे. रत्नाकर मतकरी यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. 1962 पासून त्यांनी बालनाट्य चालवलं. आयुष्याच्या उत्तरार्धात, 2014 पासून, त्यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ ही चळवळ उभी केली. वस्त्यांतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय निवडायचे, स्वतः लिहायचं, स्वतः उभं करायचं. अनुभवी रंगकर्मींनी मागे उभं राहून मार्गदर्शन करायचं. मतकरी 2020 मध्ये गेले. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट अशी, की गोष्ट मुलांकडे आधीच असते. बाहेरून आलेल्या जाणत्याने ती बाहेर काढायला मदत करायची. तयार संहिता आणि भाड्याचे कपडे घेऊन जाणं ही दुसरी रीत. मोखाडा-जव्हारच्या भागात तर बोहाड्याची परंपरा आहे. मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवतात. त्या मुलांच्या रक्तात रंगभूमी आहे, त्यांना ती नव्याने नेऊन द्यायची नाही.

आता आपल्या ख्रिस्ती इतिहासातलं एक पान उघडू. त्यात शिकण्यासारखंही आहे आणि खाली मान घालण्यासारखंही. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चच्या शाळा सुरू झाल्या. त्यात एक माणूस असायचा, त्याला मेश्त्री म्हणत. तो गावातल्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवी, गायन आणि व्हायोलिन शिकवी, आणि रविवारी चर्चमधलं संगीत सांभाळी. त्याला ठरलेला मोबदला असे. तो नाताळपुरता येणारा पाहुणा नव्हता. तो गावात राहायचा आणि पिढ्यान् पिढ्या शिकवायचा. त्याचं फळ मुंबईने पाहिलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गावच्या चर्चचे गायनप्रमुख होते, त्यांच्याकडेच ते शिकले. पुढे मुंबईत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या गाण्यात जे अँथनी गोन्साल्विस नाव आहे, ते या गुरूच्या आदरापोटी. गावात एका शिक्षकाला पगार देऊन ठेवलं, तर तीनशे वर्षांनीही त्याचं पीक येत राहतं.

पण त्याच गोव्यात 1736 मध्ये इन्क्विझिशनने हुकूम काढला आणि लग्नसमारंभातल्या देशी वाद्यांवर, ओव्या म्हणण्यावर बंदी घातली. एका हाताने संगीत दिलं आणि दुसऱ्या हाताने लोकांचं स्वतःचं संगीत काढून घेतलं. आपण दोन्ही लक्षात ठेवू. मेश्त्रीला पगार देण्याची रीत घ्यायची, बंदीची नाही.

हे बोलण्याचं कारण आहे. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी मला प्रेमाने विचारलं आहे, की भाऊ, तारपा तर त्यांच्या देवांच्या सणाला वाजतो. मिशनचा पैसा त्याला का द्यायचा? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

पहिली गोष्ट, ज्या शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालतात तिथे कोणत्याही धर्माचं शिक्षण देता येत नाही, हे आपल्या संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदात आहे. आपण पाठवलेला संगीत शिक्षक तिथे ‘उपासना संगीता’तली गीतं शिकवायला जाणार नाही. मुलाला गाण्याची ओढ असते, तिच्या आड आपण काही लपवून नेऊ नये. ज्याला आपल्या श्रद्धेविषयी विचारायचं असेल, त्याच्यासाठी आपलं दार आणि आपलं वागणं उघडं आहे. शाळेतल्या तासाची जागा ती नव्हे.

दुसरी गोष्ट, तारपा कधी वाजवायचा, कशासाठी वाजवायचा, शाळेत त्यातलं काय न्यायचं आणि काय पाड्यावरच ठेवायचं, हे पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवायचं. सणाचं सणात राहू द्या, असं ते म्हणाले तर तसंच. शाळेत वाद्य बनवायला शिकवलं, लावणीची, कापणीची, लग्नातली हसण्याखिदळण्याची गाणी आली, तरी खूप आहे.

तिसरी गोष्ट, आपण स्वतः कुठून आलो ते आठवा. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि 1616 साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यांनी आपल्या लोकांपुढे मराठी ओवी ठेवली. त्यानंतर जवळपास पावणेतीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, 1895 साली. त्यांनी भजन, अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, ते प्रभूच्या चरणी आणलं. म्हणून आज आपण मंडळीत मराठी चालीत गातो. आपल्याला आपली चाल ठेवता आली याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. मग वारली मुलाने आपली चाल ठेवली, तर आपल्याला वाईट का वाटावं?

आता कामाचं बोलतो. आजवर आपण शाळांना पुष्कळ वाद्यं दिली. तुम्हीच दिली, मनापासून दिली. ढोलक्या, हार्मोनियम, कीबोर्ड. त्यातली बरीच मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत. कुलूप लावून ठेवली म्हणून त्यांना नावं ठेवू नका. शिकवणारा नसेल तर वाद्य मुलांच्या हाती देऊन तरी काय होणार? नाताळच्या दिवसांत आपले तरुण गिटार घेऊन जातात, मुलं खूश होतात. तेही चालू राहू दे. पण जानेवारीत तिथे कोणी नसतं.

म्हणून यंदा माझी विनंती अशी आहे. वाद्य देऊ नका, शिकवणाऱ्याचा रोज द्या.

हिशेब सांगतो. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. शाळेत येणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो, आणि त्याच्याकडे कला आहे, म्हणून आपण दिवसाला 500 रुपये धरू. आठवड्यातून दोन दिवस, वर्षातले 40 आठवडे, म्हणजे 80 दिवस. एका माणसाचे झाले 40,000 रुपये. प्रत्येक शाळेत दोन माणसं असावीत असं मला वाटतं. एक पाड्यावरचा जाणता, त्याला गाणी, वाद्य, सोंग सगळं येतं. दुसरा त्याच भागातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. त्याने हजेरी ठेवायची, गाणी लिहून काढायची, मुलांकडून छोटी नाटकं बसवून घ्यायची, आणि हळूहळू जाणत्याकडून सगळं शिकून घ्यायचं. म्हणजे एका शाळेला वर्षाला 80,000 रुपये. पहिल्या 1 इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या मुलांना गायनासाठी नेमलं, त्यांची संख्या 288 आहे. चोवीस तुकड्या, प्रत्येकीत बारा जण. त्यांची पाळी ठरवताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या. गुरू आणि शिष्य एकाच यादीत होते. आपली जोडीही तशीच असेल, आणि रोज दोघांना सारखा.

सुरुवात दोन शाळांपासून करू, पण तीन वर्षांसाठी. दोन शाळांचे वर्षाला 1,60,000, तीन वर्षांचे 4,80,000 रुपये. एका वर्षासाठी सुरू करून बंद करायचं असेल तर न केलेलं बरं. शेतावरून बोलावून आणलेल्या माणसाला वर्षभराने पुन्हा शेतावर धाडायचं, हे त्याच्याशी आणि मुलांशी दोघांशी अन्यायाचं होईल. रक्कम आधी जमा झाली, तरच जूनमध्ये सुरू करू.

माणूस कसा निवडायचा? प्रमाणपत्र मागायचं नाही. पाड्यावर बसून विचारायचं, की तुमच्याकडे चांगलं कोण गातं, कोणाच्या हातचा तारपा वाजतो, सोंग कोण चांगलं घेतं. लोक बरोबर नाव सांगतात. बायकांनाही विचारायचं, कारण गाणी बहुतेक त्यांच्याच तोंडात असतात आणि नाव मात्र पुरुषांचं पुढे येतं. मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यायचा, आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्यायची. दोघांचीही पोलीस पडताळणी करून घ्यायची. तास उघड्या जागी किंवा वर्गात, शाळेचा एक कर्मचारी हजर असताना. मुलांच्या सुरक्षेत ओळखीपाळखीचा भरवसा धरायचा नाही, आपल्या माणसांच्या बाबतीतही नाही.

पैसे कोणी वाटायचे? नहेम्याने शेवटी विश्वासू माणसं नेमली, हे आपण पाहिलं. आपणही तीन जणांची समिती करू. त्यातला एक पाड्यावरचा असेल. रोज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थेट बँक खात्यात जाईल. उशीर झाला तर समिती मला विचारेल, आणि मी तुम्हाला उत्तर देईन. या अंकातून दर तिमाहीला त्याचा हिशेब छापला जाईल.

आणि चौथं काम, खरं तर नहेम्याने ते पहिलं केलं, अधिकाऱ्यांना जाब विचारण्याचं. आपला पैसा हा सरकारच्या जबाबदारीची जागा घेण्यासाठी नाही. कला निदेशक देणं हे कायद्याचं काम, निवासी कलाकार ठेवणं हे धोरणातलं वचन. तीन वर्षांनी आपल्याकडे दोन शाळांची नोंद असेल. किती तास झाले, हजेरीत काय फरक पडला, कोणती मुलं बोलू लागली. ती वही घेऊन आपण जिल्हा परिषदेकडे आणि आदिवासी विकास विभागाकडे जाऊ, आणि म्हणू, की हे होतं, एवढ्या पैशात होतं, आता तुम्ही करा. रोजंदारीवरच्या शिक्षकांना जसं रस्त्यावर बसावं लागलं तसं आपल्या या कलावंतांना बसावं लागू नये, म्हणून मागणी आतापासूनच स्थायी मानधनाची ठेवू.

बंधुभगिनींनो, तुम्ही काय करू शकता, तेही सांगतो. एक कुटुंब महिन्याला 500 रुपये देऊ शकलं, तर तो एका माणसाचा एक दिवस झाला. एका महिन्यात दोन शाळांचा मिळून सरासरी खर्च 13,500 च्या आत येतो, म्हणजे अशी सत्तावीस कुटुंबं लागतील. या सभागृहात तेवढी कुटुंबं नक्कीच बसली आहेत. पत्रकासोबत एक फॉर्म आहे. तीन वर्षांचं वचन देता येत असेल तरच भरा. नाही जमलं तर प्रार्थना करा, तीही मला हवी आहे. आणि ज्यांच्या घरी, कामावर, सोसायटीच्या बांधकामावर आदिवासी बाया-माणसं येतात, त्यांनी एकदा विचारून पाहा, की तुम्हाला गाणं येतं का, वाजवता येतं का, कुठल्या पाड्यावरचे तुम्ही. नावं आम्हाला कळवा. शिक्षक शोधण्याचं अर्धं काम तिथेच होईल.

मंदिर बांधून झालं होतं, भिंत उभी राहिली होती, दारं बसली होती, आणि आत गाणारा नव्हता. आपल्याकडेही शाळांच्या इमारती झाल्या आहेत. येत्या जूनमध्ये त्यातल्या दोन शाळांत तरी गाणारी माणसं आपल्या जागेवर उभी राहावीत, यासाठी प्रभूने आपल्याला उदार मन आणि तीन वर्षं टिकेल एवढा धीर द्यावा.

आमेन.